विषयाच्या ओळीतले अब्बासभाई

४ नोव्हेंबर, आचरा

माणसाचं बारसं एकदाच होतं असा माझा आजवरचा समज होता. आज तो मोडला, आणि तोही घुगऱ्यांची मूठसुद्धा हाती न पडता. वर्तमानपत्राच्या कचेरीत नव्याने रुजू झालेल्या उपसंपादकाने माझ्या मेलला उत्तर धाडलं आहे: ‘प्रिय 4KSX4KWB, बातमी मिळाली. बंधाऱ्याचा फोटो पाठवावा.’

त्या संबोधनाकडे मी बराच वेळ पाहत बसलो. गुरुदास हे नाव आजोबांनी पंचांग, नक्षत्र आणि आत्याबाईंचा रुसवा या तिन्हींचा मेळ घालून ठेवलेलं. ते विद्युन्मार्गे ओरोसच्या कचेरीपर्यंत जाऊन असं परत यावं? आरंभी अंक असलेला मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. दुकानं आहेत.

बायकोला, विनीताला, दाखवलं. तिने चष्मा न लावताच पाहिलं आणि म्हणाली, “बघा, निदान प्रिय तरी म्हटल्यान.”

निषेधाचा एक कडक मेल लिहिला, पण पाठवला नाही. निषेधाखालची सहीसुद्धा तशीच उमटली तर काय घ्या.

६ नोव्हेंबर

तो मेल काल विजयदुर्गला अब्बासभाईंकडे वळता केला होता. हे गृहस्थ जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. साऱ्या समुद्रांवर तारायंत्राचं कट्ट-कडकट्ट करून आले आणि आता किल्ल्याच्या अलीकडे, बहिणीच्या, हवाबींच्या शेजारी, एकटे राहतात. आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या एका बातमीत मी दीपगृह खाडीच्या भलत्या काठावर बांधून ठेवलं होतं. त्यांनी संपादकांना लिहिलं की, या वार्ताहराच्या भरवशावर कोणी होडी हाकारू नये. तेव्हापासून मैत्री आहे. मी संस्कृत पाठशाळेत शिकलो म्हणून ते मला शास्त्री म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मी विचारलेलं नाही.

आज फोन आला. “काय शास्त्रीबुवा, नवा बारसा झाला मरे तुझा!”

“हसा. तुमचं नाव असं छापून आलं असतं म्हणजे कळलं असतं.”

“अरे, तां नाव तुझाच, पयला ‘गु’ तेवढा. फक्त वेष बदललेला आसा. मेलाच्या माथ्यावर पाटी असता ना? कोण धाडता, कोणाक धाडता, विषय काय. ती पाटी वाटेतली जुनी यंत्रां वाचतत. त्यांका साधी इंग्रजी अक्षरां सोडून काय कळणा नाय. म्हणान मराठी नाव इंग्रजी वेषात बसवन धाडूचा, आणि मुक्कामाक पोचला काय वेष उतरवूचो. तुझ्या कचेरीतल्या यंत्रान उतरवल्यान नाय, इतक्याच.”

मग त्यांनी त्या वेषाची घडी उलगडून दाखवली. आरंभी =? ही खूण, मग कोणत्या लिपिकोशातून अक्षरं घेतली त्याचं नाव, मग वेषांतराची रीत सांगणारं एकच अक्षर, B, मग प्रत्यक्ष मजकूर, आणि शेवटी ?= . म्हणजे आमचं अथ आणि इति. हे ज्याने ठरवलं त्याला पाठशाळेत बसायला मी आनंदाने जागा दिली असती.

फोन ठेवता ठेवता त्यांनी खरं काम काढलं. “सायमा तुका फोन करतली. माका मस्कताक नेवक बघता. गॅस एकदा चालू रवलो, तां हवाबीन तिका सांगल्यान. तू सांग तिका, बापूस ठणठणीत आसा म्हणान. माझ्यावर नाय, पण तुझ्यावर ती विश्वास ठेयता.”

७ नोव्हेंबर

सायमाचा फोन आला. अब्बासभाईंची एकुलती एक मुलगी. मस्कतला शाळेत शिकवते. नवराही दिवसभर कामावर. घर बाराव्या मजल्यावर.

“काका, मी त्यांना उगाच उपटून आणणार नाही,” ती म्हणाली. “पण अम्मी गेल्यापासून मला भरवसा वाटत नाही. ते मला फोनवर छानच बोलतात. तुम्ही लक्ष ठेवा आणि मला खरं सांगा. तुम्ही म्हणालात की ते एकटे राहू शकतात, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही.”

मी म्हणालो, “बाळ, तुझे अब्बा अख्ख्या आचऱ्याला पुरून उरतील.” जामीन राहायला मला आवडतं. त्यात आपलं काही जात नाही.

१२ नोव्हेंबर

देवगडला गाडी बदलून विजयदुर्गला गेलो. ओटीवर एक तक्ता तयार होता. अब्बासभाईंनी आपल्या वर्णमालेतलं एकेक अक्षर त्या वेषात घालून पाहिलं होतं, आणि जे दिसलं ते मला दाखवायला ते सकाळपासून उतावीळ झाले होते.

आपलं प्रत्येक अक्षर त्या वेषात बरोबर चार चिन्हांचं होतं. त्यातली पहिली तीन जवळजवळ ठरलेली: 4KS. म्हणजे ते नुसतं आडनाव. अक्षराची ओळख चौथ्या चिन्हात. क म्हणजे V. ख म्हणजे W. मग X, Y, आणि ङ ला Z. क-वर्ग संपला तिथे इंग्रजीची मोठी अक्षरं संपली! च पासून धाकटी अक्षरं सुरू: च ला a, छ ला b, आणि असेच ओळीने थेट आपल्या ळ पर्यंत. ळ ला z. मधे एक-दोन घरं परक्या अक्षरांसाठी राखलेली, बाकी रांग अभंग. श, ष, स, ह यांना 2, 3, 4, 5.

मी उठून उभा राहिलो. पाठशाळेत आम्हाला कटपयादी शिकवत: अक्षरांत अंक लपवायचे. इथे उलटं: अंकांच्या राज्यातून फिरून आलेली वर्णमाला, आणि तिचे वर्ग, तिची रांग, जशीच्या तशी. कुठल्या दूर देशी कुणी यंत्र रचलं आणि आमच्या क-ख-ग ची पंगत तिथेही मोडली नाही.

“माका वाटला, तू रडतलंस आता,” अब्बासभाई म्हणाले.

“धूर गेला डोळ्यात.”

“चूल खंय आसा हयसर?”

हवाबी आतून म्हणाल्या, “गॅस आसा. तो मी बंद केलंय.”

१७ नोव्हेंबर

खेळ ठरला. विषयाच्या ओळीत मराठी लिहायचंच नाही. यंत्राच्या मदतीशिवाय, डोक्याने वेष चढवून, अथपासून इतीपर्यंत चिन्हं टंकायची. बरोबर जमलं तर समोरच्याचा फोन वेष आपोआप उतरवतो आणि ओळ मराठीत उघडते. एखादं चिन्ह चुकलं, की मजकूर फाटका उमटतो किंवा वेष तसाच राहतो. परीक्षक यंत्र. वशिला नाही.

आज पहिला मेल आला. विषय: ये. एवढंच. मुळात त्यांनी टंकलं होतं: =?UTF-8?B?4KSv4KWH?= . पाठोपाठ फोन.

“उघडला काय रे?”

“उघडलं!”

“बरा झाला.” आणि फोन बंद. विजयी वीर इतक्या थोडक्यात बोलत नाहीत. लाजले असावेत.

३० नोव्हेंबर

रोज एक ओळ येते. रोज पाठोपाठ तोच प्रश्न: उघडला काय? मला दोन शब्द बसवायला दुपार जाते. कारण शब्दांमधली मोकळी जागा ही मोठी कपटी वस्तू आहे. यंत्राच्या पोटात ती एका घराची, अक्षर तीन घरांचं, आणि दर तीन घरांची चार चिन्हं होतात. त्यामुळे एक जागा आली की पुढची सगळी रांग एका घराने सरकते आणि 4KS चं आडनावच नाहीसं होतं. तीन मोकळ्या जागा झाल्या की रांग पुन्हा ताळ्यावर. अब्बासभाई हे सरकणं मनात धरून, बांगडे साफ करता करता, चार शब्दांची ओळ बांधतात. पाठशाळेत आम्ही मंत्राची पदं सुटी करून, उलटसुलट गुंफून म्हणायचो. हेतू हाच, की वाटेत अक्षर गळू नये. पण तिथे आम्ही पंधरा जण होतो आणि वर गुरुजींची छडी होती. हा गृहस्थ एकटा.

सायमाला लिहिलं: ‘ज्या डोक्यात हे मावतं त्या डोक्याची चिंता करणं म्हणजे समुद्राला पाणी पुरेल का विचारणं.’ वाक्य बरं जमलं.

१४ डिसेंबर

आजची ओळ उघडली नाही. नीट पाहिलं तेव्हा दिसलं, शेवटची ?= ही खूणच नव्हती. अथ आहे, इति नाही. मी तक्ता काढून हाताने वाचलं: ‘सुरमई आली’.

खूप विचार केल्यावर उलगडा झाला. इति मुद्दाम गाळली! सुरमई आली आहे, पण गोष्ट संपलेली नाही. पुढचं जेवायला आल्यावर. किती सूचक!

फोन आला. “उघडला काय रे?”

“उघडलं, उघडलं. आणि अर्थही लागला.”

“खरा?”

“अब्बासभाय, मी टीकाग्रंथांवर वाढलेला माणूस आहे.”

ते हसले नाहीत. “बरा मगे,” म्हणाले.

२० डिसेंबर

काल एका सकाळीत तीच ओळ तीनदा आली: ‘कोळंबी हा, उद्या जेवाक ये’. त्रिवार म्हटलं की सत्य, म्हणून आज गेलो. अब्बासभाई दारात उभे राहून माझ्याकडे पाहत राहिले.

“कित्याक इलंस?”

“तुम्हीच बोलावलंत.”

“मी?” मग एकदम हसून त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली. “तुझी गंमत केलंय रे!”

पट्टीचा नट. चेहऱ्यावर क्षणभर जे भाव आणले ते रंगभूमीवर कुणाला जमणार नाहीत.

कोळंबी नव्हती. हवाबींनी शेजारून भाकरी आणि कुळथाची पिठी आणली. वाढताना मला म्हणाल्या, “भावा, जाताना माका जरा भेटान जा.” पण तेवढ्यात अब्बासभाईंनी सिंगापूरच्या वादळाची गोष्ट काढली, ती रंगली, आणि माझी गाडी निघायची वेळ झाली. राहिलंच.

गोष्ट मागेही ऐकली होती. या वेळी वादळ मोठं होतं.

३ जानेवारी

ओळी आता फार अवघड येतात. परवा B च्या जागी भलतंच अक्षर. काल मधली चार चिन्हं गायब. त्या जागी काय असावं ते संदर्भाने बसवलं. आज लिपिकोशाचं नावच नाही. मला एकही उघडत नाही, पण मी वाचतो सगळ्या. जुन्या टीकाकारांची हीच रीत: मूळ ग्रंथात नियम मोडलेला दिसला तर ऋषी चुकला असं म्हणायचं नाही. ‘आर्ष प्रयोग’ म्हणायचं आणि त्यातलं सौंदर्य दाखवायचं. अशाने अब्बासभाईंच्या ओळींवर माझी छोटी टीका तयार होईल.

विनीता भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, “म्हणजे तुमका उघडणा नाय.”

“वाचता येतं.”

“पण उघडणा नाय. मगे त्यांका उघडला म्हणान कित्याक सांगतास?”

“अगं, ते मुद्दाम कठीण करतात. माझी परीक्षा आहे ही.”

“तुमची?” असं म्हणून तिने देठ जरा जोरात मोडले.

१२ जानेवारी

आज मेल नाही.

१३ जानेवारी

आजही नाही. फोन केला तर म्हणाले, धाडला आसा. असेल वाटेत.

२० जानेवारी

आनंदाची गोष्ट. आज ओळ आली आणि आल्याबरोबर उघडली! एक चिन्ह इकडचं तिकडे नाही. मोकळ्या जागांवर सरकलेली रांगसुद्धा बिनचूक. विषय: ‘सकाळच्या बोटीने येतो उतरून घेवक ये’.

काय ही प्रतिभा! ती बोट बंद झाली तेव्हा मी शाळेत होतो. विजयदुर्गाहून निघायची, देवगड करून मालवणला लागायची, आणि मचव्यातून माणसं, ट्रंका, कोंबड्या उतरायच्या. एका ओळीत अख्खं बंदर उभं केलं. उत्तरादाखल मीही वेष चढवून लिहिलं: ‘धक्क्यावर उभा आहे’. त्याला दुपार लागली.

सायमाला हे सगळं कळवलं, आणि वर लिहिलं की अब्बा मागल्या महिन्यापेक्षाही तल्लख आहेत.

२१ जानेवारी

सकाळी हवाबींचा फोन. त्या मला कधी फोन करत नाहीत.

“भावा, तो धक्क्यार जावन बसलो हा. ट्रंक घेवन. उठणा नाय. म्हणता, गुरुदास मालवणाक उभो आसा, त्येणा लिवल्यान माका.”

देवगडला गाडीची वाट न बघता रिक्षा केली.

जेटीवर अब्बासभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ट्रंकेवर बसले होते. जाळी सावरणारी माणसं त्यांच्याकडे न बघण्याची काळजी घेत होती. हवाबी जरा लांब, हातात डबा घेऊन. मला बघून अब्बासभाईंच्या कपाळावर आठी पडली.

“तू हय कसो? तू मालवणाक होतलंस.”

मी शेजारी बसलो.  टीकाग्रंथांत अशा जागी काय बोलावं ते दिलेलं नसतं. शेवटी म्हणालो, “अब्बासभाय, बोट येवची नाय आज.”

“उशीर झालो?”

“बंद झाली ती. मागेच.”

 एक ट्रॉलर गेला, त्याच्या लाटा धक्क्यावर येऊन आपटून गेल्या. मग अब्बासभाई म्हणाले, अगदी आपल्या नेहमीच्या आवाजात, “होय मरे. बंद झाली. मी शेवटच्या फेरीक होतंय.” आणि मग ट्रंकेकडे बघून, “ह्यां मीच आणलंय?”

हवाबींनी डबा उघडून त्यांच्या हातात घावणा दिला. त्यांनी तो खाल्ला. मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मी गेले दोन महिने फोनवर रोज ऐकत होतो आणि समजत नव्हतो.

“शास्त्र्या, माका ह्यां दिवाळीपासून ठावक आसा. वस्तू खंय ठेयलंय ती गावणा नाय. नावां जातत. डॉक्टर काय सांगतलो तां पण ठावक आसा, म्हणान गेलंय नाय. म्हटलंय, आपणच आपणाक तपासूया. जहाजार रोज सकाळी रेडिओचो सेट तपासूचो लागा, तसा. वेष चढवूचो, धाडूचो, आणि तुका विचारूचा. उघडला तर मी बरो. नाय उघडला तर समजूचा.” त्यांनी हात झटकले. “तू रोज उघडला म्हणलंस.”

मी ट्रंकेची कडी उघडली, परत लावली.

“रोज उघडलेला रे?”

“नाय,” मी म्हणालो.

“कधीपासून नाय?”

“सुरमई आली तेवापासून.”

त्यांनी मान हलवली. हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, “आणि तरी तू वाचलंस? सगळा?”

“वाचलं.”

“फाटक्यातला पण?”

“फाटक्यातला पण.”

“शाबास रे,” ते म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. असा माणूस. आपला पाय घसरत असताना दुसऱ्याच्या अक्षरज्ञानाचं कौतुक करणारा.

उठताना त्यांनी ट्रंक मला उचलू दिली. “सायमाक तू सांग,” म्हणाले. “माझ्यान सांगवणा नाय. ती रडतली.”

हवाबी त्यांचा दंड धरून पुढे चालल्या. धाकट्या भावाला शाळेतून आणावं तशा.

२२ जानेवारी

सायमाला मेल लिहिला. विषयाच्या ओळीत साधं मराठी लिहिलं, वेष यंत्राला चढवू दिला: ‘अब्बांबद्दल खरं’. आत अलंकार घातला नाही. कोणती ओळ कधी फाटली, कोळंबीचं जेवण, धक्का, ट्रंक, सगळं. शेवटी लिहिलं: ‘ते एकटे राहू शकत नाहीत. मी आधी सांगितलं ते चूक होतं. त्यांना हे तुझ्या-माझ्या आधीपासून माहीत होतं, आणि ते ज्या रीतीने त्याला तोंड देत होते तशी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.’

विनीताला वाचून दाखवला. तिने एक शब्द बदलायला सांगितला नाही. असं पूर्वी कधी झालेलं नाही.

२४ जानेवारी

सायमाचा फोन आला. ती रडली, पण माझ्यावर चिडली नाही. त्यापेक्षा चिडली असती तर बरं होतं. फेब्रुवारीत येते आहे. आधी त्यांना गोव्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेईल, मग आपल्याबरोबर मस्कतला. हवाबी म्हणाल्या होत्या मी सांभाळीन, पण त्यांचेच गुडघे त्यांना सांभाळत नाहीत. अब्बासभाईंनी हट्ट केला नाही. एवढंच विचारलं म्हणे, की तिकडच्या खिडकीतून बोटी दिसतात का. दिसतात, पण खिडकी उघडत नाही.

आज त्यांचा मेल आला. फाटका. मी फोन करून सांगितलं, “उघडला नाय.”

“खंय चुकलंय?”

“तिसऱ्या अक्षराक.”

“थांब, परत धाडतंय.”

परत आला तोही उघडला नाही. तेही सांगितलं. तिसऱ्यांदा उघडला. तिसऱ्या खेपेला ते फोनवर इतक्या मोठ्याने ओरडले, की पलीकडून हवाबी ‘काय झाला, काय झाला’ करत आलेल्या मला ऐकू आल्या.

२ फेब्रुवारी

सायमा उद्या पोचते. आज दिवसभर विजयदुर्गला होतो. अब्बासभाईंचा दिवस चांगला होता. दोघांनी मिळून तक्ता नव्याने, ठळक अक्षरात लिहिला, तिकडे भिंतीवर लावायला. ङ आणि Z पाशी आल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यासारखंच माझ्याकडे बघितलं, जणू ते मला आत्ताच दाखवत आहेत. मीही पहिल्यासारखाच उठून उभा राहिलो. खोटं नव्हतं, मला अजून ते तितकंच थोर वाटतं.

घरी आल्यावर विनीताने विचारलं, “त्यांची काळजी वाटता?”

मी हो म्हणालो. पण ते पुरतं खरं नाही. तिथे सायमा आहे, डॉक्टर आहेत, तिच्या शाळेतली मुलं संध्याकाळी येतात, त्यांना ते गोष्टी सांगतील. त्यांचं बरं चालेल.

काळजी मला माझी वाटते. मनातलं बोलावं असा एकच माणूस मला या वयात मिळाला. तो जातो आहे, आणि दुसरा शोधावा कसा हे मला माहीत नाही.